नळाला पाणी आलं तो भाग

आमच्या घरात एकदम शांत झालं, की समजायचं लाइट गेली. माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, पिठाची चक्की घराच्या पुढच्या खोलीत होती आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. त्यामुळे पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर आणि डब्यांचा खणखणाट हाच आमच्या घराचा आवाज होता. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सगळ्यांनाच सवय. माय चुलीपुढून हाक मारायची ती मीठ मागायला, पण परक्या माणसाला वाटावं घरात भांडण पेटलंय. आजही जळगावच्या फ्लॅटमध्ये मी फोन घेतला, की माझ्या मुली म्हणतात, "आई, हळू बोल, दोंडाईच्याला फोनशिवाय ऐकू जाईल." मी हळू बोलत नाही. ज्या घरात हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं, त्या घरात मी वाढले आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

नाना दिवसभर पिठात. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. माणूस संध्याकाळी आंघोळ करून आला की एकदम तरुण दिसायचा. बोलायचे फार कमी. चक्कीच इतकं बोलते, तर मी कशाला बोलू, असा त्यांचा हिशेब असावा. आमची चक्की वरली आळी आणि खालली आळी यांच्या बरोबर मध्ये होती. या दोन आळ्यांचं आपसात सूत कधी जमलं नाही. पाणी, पोळ्याचे बैल, लग्नाची वरात, कशावरूनही जुंपायची. पण दळण दोन्ही आळ्यांना लागायचं आणि चक्की एकच होती. ज्वारीत उडीद मिसळून कळणा दळायला टाकायचा, डबा रांगेत लावायचा आणि ओट्यावर बसून लाइटची वाट पाहायची. त्या ओट्यावर मी जेवढं शिकले, तेवढं पुढं कॉलेजात शिकले नाही.

त्या काळात रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं, 'भोंगापूर'. नाव कार्टून, पण पोरांसाठी मुळीच नव्हतं. भोंगापूर नावाचं एक गाव. त्याचे नगराध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं 'माननीय' म्हणायचे. पोट आधी यायचं आणि मागून माननीय. त्यांचा एक शिपाई, जो दर वाक्याला "वरून आदेश नाही" म्हणायचा. आणि चौकात एक नळ, नळोबा. या नळाला कित्येक वर्षांत पाणी आलेलं नव्हतं, नुसती हवा यायची, आणि त्या हवेतून तो बोलायचा. आधी 'फुस्स' करायचा आणि मग गावातलं जे खरं असेल ते सांगून टाकायचा. माननीय दर भागात त्या नळाचं नव्यानं उद्घाटन करायचे. आम्ही पोट धरधरून हसायचो, आणि हसता हसता माय म्हणायची, "हाई तर आपलंच गाव शे." आमच्या दोंडाईच्यात प्रत्येकाला तसंच वाटायचं. नंतर कळलं की पिंपळनेरलाही वाटायचं आणि धुळ्यालाही.

रविवारी माय लवकर चूल पेटवायची. शेवभाजी आणि बाजरीची भाकरी, ठरलेलं. घरभर फोडणीचा ठसका, सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी, आणि त्यातच मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे. खालून मालूताई ओरडायची, "थोडी डावीकडे! आते ऱ्हाऊ दे!" पण घोडं अडायचं लोडशेडिंगमध्ये. आमच्या वरल्या आळीची लाइन वेगळी, खालल्या आळीची वेगळी, आणि एकीची लाइट गेली की दुसरीची यायची. ही अदलाबदल नेमकी 'भोंगापूर'च्या मध्यावर व्हायची, जाहिराती लागल्या की. म्हणजे पहिला अर्धा भाग आम्ही पाहायचा आणि नंतरचा अर्धा त्यांनी. माननीयांनी कात्री हातात घेतली, की आमचा पडदा काळा. ती कात्री कुठं पडली, हे फक्त खालल्या आळीला माहीत.

त्यामुळे ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांना सोमवारी सकाळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहणं भाग पडलं. सोमवारी दळण नसलं तरी माणसं डबा घेऊन चक्कीवर यायची. काहींच्या डब्यात मूठभर दाणे असायचे. ओट्यावर एक नेमच पडून गेला: आधी वरल्या आळीनं आपला अर्धा सांगायचा, तोवर खालल्या आळीनं तोंड उघडायचं नाही. मग त्यांनी आपला सांगायचा. खालल्या आळीच्या रुक्मावहिनी म्हणजे तिखट जिभेची बाई, आमचं सांगून होत आलं, की त्या पदर खोचून पुढं सरकायच्या, "थांबा वो, पुढलं आम्हनं शे!" मग चर्चा. माननीयांनी तसं का केलं, शिपाई खरंच भोळा की साळसूद, नळोबाला सगळं कळतं तर तो माननीयांच्या घरातलं का सांगत नाही. आमच्या आळीचे बन्सीभाऊ शिंपी गळ्यात टेप अडकवून यायचे आणि दर आठवड्याला एकच वाक्य बोलायचे, "पहिलासारखं ऱ्हायनं नही आते." दुसऱ्या भागापासून म्हणत होते. पण एकही सोमवार त्यांनी चुकवला नाही. मध्येच लाइट आली, तर नाना पट्टा चढवायचे नाहीत. भाग सांगून पुरा होईपर्यंत मोटार बंद. लाइट असताना चक्की बंद ठेवणारा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल, आणि तो माझा बाप होता.

आणि सांगणारी होती माझी मोठी बहीण, मालूताई. नुसतं सांगायची नाही, करायची. माननीय करताना तिचं नसलेलं पोट दिसायला लागायचं. शिपाई करताना मान अशी वाकायची, की वाटावं कुणी मागून टपली मारतंय. आणि नळोबा! ओठ मुडपून ती 'फुस्स' करायची, तेव्हा पुढं बसलेली माणसं नकळत डबा पुढं धरायची. टीव्हीवरचा नळ शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचा. मालूताईचा नळ आमच्यासारखं बोलायचा. काही महिन्यांनी असं झालं, की रविवारी टीव्हीवरचा नळोबा बोलायला लागला की माय म्हणायची, "याले बोलता येत नही नीट." खालल्या आळीचा अर्धा भाग रुक्मावहिनी सपक सांगायच्या, आणि लगेच मालूताई तोच अर्धा, तिनं न पाहिलेला, सगळ्या आवाजांसकट पुन्हा करून दाखवायची. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, तेच म्हणायचे की आता खरा पाहिला. मी तिच्या शेजारी बसायचे. तिची बहीण आहे हे कुणाला माहीत नसेल तर तेही सांगायचे.

मग मालूताईचं लग्न झालं. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात दिली. घर चांगलं, भाताची शेती, माणसं कष्टाळू. तिचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, उंचेपुरे, ताठ, पांढरा शुभ्र फेटा. घरात त्यांच्यासमोर कुणी बसत नसे. आमचे पाव्हणे, म्हणजे मालूताईचे यजमान, सज्जन होते, पण बापापुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्या घरात टीव्ही नव्हता. आबांना काही सांगायचं असलं, की ते आधी खाकरायचे: एकदा लांब, दोनदा आखूड आणि मग 'हं'. त्या 'हं'वर सगळं घर जागच्या जागी थांबायचं. आता तुम्हीच सांगा, आमच्या मालूताईसारख्या बाईला असा सासरा दिल्यावर ती काय करणार? एका दुपारी तिनं जावांना आबा करून दाखवले. जावा हसून हसून लोळल्या. दाराबाहेर आबा पाहुण्याला घेऊन उभे होते, आणि पाहुणाही हसला.

दिवाळीनंतर आबा स्वतः दोंडाईच्याला आले. चक्की चालू होती. नानांनी पट्टा उतरवला. आबा ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. "नाना, तुम्हनी पोर कामले भारी शे, रांधाले भारी शे. पन जीभ आवरत नही. मी खाकरस तसं खाकरी दखाडस. पाव्हनासमोर मन्हं हसू कयं." आणि वर म्हणाले, "पुढला खेप कानवर उनं, ते आंडेर माहेरलेच ऱ्हाई." मी दाराआड उभी होते. आंडेर म्हणजे आमच्याकडे मुलगी. आपली मुलगी परत पाठवीन म्हणणाऱ्या माणसासमोर बापानं काय बोलावं? नाना हातावरचं पीठ झाडत राहिले. मग म्हणाले, "आते ती कोन्हीच नक्कल कराव नही, आबा. मन्हा शब्द शे." आबा गेले. नानांनी पट्टा चढवला आणि त्या दिवशी आलेलं सगळं दळण, न जेवता, एका दमात दळून टाकलं.

शब्द देणं सोपं होतं. सोमवार आले की जड जायचं. चक्कीवर माणसं यायची, मी भाग सांगायचे, पण माझ्याच्यानं आवाज निघायचे नाहीत. मी माननीय केला तर शिपायासारखा वाटायचा. रुक्मावहिनी तोंडावर म्हणाल्या, "तू सांगूच नको वो, त्यापेक्षा दळन बरं." नाना ऐकायचे आणि खाली मान घालून छिन्नीनं चक्कीच्या दगडाला टाकी लावत बसायचे. माय एकदा जेवताना म्हणाली, "पोरगी तोंड बांधीसन नांदी ऱ्हायनी तठे." नानांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मला तेव्हा वाटलं होतं ते रागावले. राग होताच, पण तो त्यांचा त्यांच्यावरच होता.

उन्हाळ्यात 'भोंगापूर'चा शेवटचा भाग लागणार होता. महिनाभर आधीपासून जाहिरात: नळाला पाणी येणार! दोन्ही आळ्यांत दुसरा विषय नाही. येणार की नाही येणार? आलं तर नळोबा बोलायचा थांबेल, कारण तो बोलायचा तो हवेनं. मग पाणी यावं की न यावं? यावरून बन्सीभाऊ आणि रुक्मावहिनी यांची इतकी जुंपली, की बन्सीभाऊंनी त्यांचं पोलकं शिवायला नकार दिला. रविवार आला. आम्ही पहिला अर्धा पाहिला: मांडव, माळा, माननीय, कोरडे हंडे घेऊन रांग. जाहिराती लागल्या. आमची लाइट गेली. आणि खालल्या आळीची आलीच नाही. डीपी, म्हणजे दोन्ही आळ्यांना लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. साऱ्या दोंडाईच्यात अंधार, दोन्ही आळ्यांत पहिल्यांदाच एकाच वेळी, आणि नळाला पाणी आलं की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. धुळ्याच्या माझ्या मामेभावाला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "पाहिला की. काही खास नव्हतं," आणि फोन ठेवून दिला. बन्सीभाऊंनी त्या दिवसापासून धुळ्याच्या माणसाशी बोलणं टाकलं.

पुढच्याच आठवड्यात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशात हा सण सासुरवाशिणींचा. मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, घरात गौराई बसते. पितरांची घागर पुजायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, खापरावर हातभर रुंद पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या, कुरडया. मालूताई आली तीच वाळलेली. डोक्यावरचा पदर माहेरातही खाली येईना. दोन्ही आळ्यांच्या बाया तिला घेरून बसल्या आणि तिनं न पाहिलेले वर्षाचे सगळे भाग तिला सांगायला लागल्या. कुणी पुढचं आधी सांगायची, कुणी दोन भाग एकात कालवायची. ताई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मध्येच एकदा तिच्यानं राहवलं नाही. "असं बोलाव नही नळोबा," ती हळूच म्हणाली. जिनं तो भाग सांगितला होता, तिनं कबूल केलं की ते वाक्य तिनं पदरचं घातलं होतं. "मंग शेवटला भाग तूच सांग!" रुक्मावहिनी म्हणाल्या. "तू नही देखा, आम्ही बी नही देखा. पन तुले माहीत ऱ्हाई." ताईनं आत चक्कीकडे पाहिलं. नाना पाठमोरे उभे होते. "मी नही सांगस वहिनी. नानांनी शब्द दिधा शे," असं म्हणून ती उठून कुरडया तळायला निघून गेली.

आखाजीच्या दिवशी चारच्या सुमाराला गौराई बोळवायला सगळ्या नदीवर जातात. नदीत तेव्हा पाण्यापेक्षा वाळूच जास्त. गौराई सोडली, की एका काठावर वरल्या आळीच्या बाया आणि दुसऱ्या काठावर खालल्या आळीच्या, आणि मग जो काय एकमेकींचा उद्धार सुरू होतो! कुणाचं नाक, कुणाचा नवरा, कुणाच्या घरचं पातळ वरण, काही म्हणजे काही सोडायचं नाही. पुरुषांनी पुलावर उभं राहून ऐकायचं. आणि नेम असा, की आखाजीला ऐकलेलं मनात धरायचं नाही. जो धरेल त्याचंच हसं. त्या वर्षी पुलावर नानांच्या शेजारी आबा उभे होते. त्यांच्या घरात लग्न निघालं होतं आणि सुनेला न्यायला ते ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच येऊन ठेपले होते.

आमची बाजू त्या दिवशी पडत होती. रुक्मावहिनींना उत्तर देणारी आमच्याकडे एकच होती, आणि ती माझा हात धरून मागं उभी होती. रुक्मावहिनींनी तिला बरोबर हेरलं. कमरेवर हात ठेवून, अख्ख्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वरली आळीनी आंडेर सासरले गई, नि जीभ तठेच ठेई उनी!" पलीकडचा काठ खदखदून हसला. ताई वर पुलाकडे पाहत होती. तिथं तिचा बाप होता, ज्यानं शब्द दिला होता, आणि सासरा होता, ज्यानं तो घेतला होता.

तेवढ्यात नाना बोलले. जन्मभर चक्कीच्या आवाजावर आवाज काढलेला माणूस. त्याला भोंगा लागत नाही. "मालू! मी दिधेल शब्द मी परत लेस. तू बोल!" मग आबांकडे वळून, तितक्याच मोठ्यानं, "आबा, शब्द मी दिधा व्हता, पोरगीनी नही. ती चूक मन्ही. तुम्हले तिले माहेरले ठेवनी व्हई ते ठेवा. चक्कीवर तिनी जागा शे." माझ्या बापाचं हे सगळ्यात मोठं भाषण. आबा ताठ उभे होते आणि त्यांच्या फेट्याचा शेमला वाऱ्यानं हलत होता.

मालूताईनं माझा हात सोडला. पदर कमरेला खोचला आणि ती वाळूत मधोमध जाऊन उभी राहिली. आधी ती खाकरली. एकदा लांब, दोनदा आखूड आणि मग 'हं'. पुलावर कुणीतरी दबकं हसलं. तिनं माननीय सुरू केला होता, आणि भोंगापूरचा तो माननीय आबांच्या घशानं खाकरत होता. "बंधू आणि भगिनींनो! आज या नळाला पाणी आलं. ते कोणामुळे आलं?" ती थांबली आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागली, गावकऱ्यांच्या. मग मान वाकवून शिपाई: "शांतता राखा, भाषण चालू आहे." आणि त्या भाषणाच्या मध्येच, ओठ मुडपून, 'फुस्स', आणि पाठोपाठ घळघळ घळघळ पाण्याचा आवाज. दोन्ही काठ पुढं झुकले. "ओ माय! पानी उनं! भरी ल्या ना!" नळोबा ओरडत होता. पण गाव टाळ्या वाजवत होतं. "वरून आदेश नाही," शिपाई म्हणत होता. माननीय दर वेळी खाकरून नवा मुद्दा काढत होते. घळघळ बारीक झाली, थेंब थेंब झाली. माननीयांनी भाषण संपवलं, माळ घालून घेतली आणि जनतेला हंडे भरायची परवानगी दिली. हंडे नळाखाली गेले. फुस्स. आणि नळोबा अगदी थकल्या आवाजात म्हणाला, "मी ते दिधं व्हतं. तुम्ही टाया वाजाडी ऱ्हायनात."

नदीच्या दोन्ही काठांवर असा हशा आणि असा गलका मी पुन्हा कधी ऐकला नाही. रुक्मावहिनी वाळूत बसून डोळे पुसत होत्या. बन्सीभाऊ पुलावरून ओरडले, "पहिलासारखं! एकदम पहिलासारखं!" मग हळूहळू सगळ्यांना आबांची आठवण झाली आणि माना वर वळल्या. आबांना काहीतरी बोलायचं होतं, म्हणून ते खाकरले. एकदा लांब, दोनदा आखूड. हसू पुन्हा फुटलं ते आवरेना. ते थांबेपर्यंत आबा वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, भाषन भलतं लहान व्हतं. माननीय इतला लवकर बसस का?" ताईनं खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला आणि स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं, "पुढला खेपले वाढाडसु, आबा."

परवा माझ्या धाकट्या मुलीनं कुठून तरी 'भोंगापूर'चा तो खरा शेवटचा भाग मोबाइलवर काढून दिला. तीस वर्षांनी मी तो पाहिला. पाणी येतं, कारंजं उडतं, सगळे नाचतात, माननीय चिखलात पडतात आणि गाणं लागतं. बस. धुळ्याच्या मामेभावाचं खरं होतं, काही खास नव्हतं. दोंडाईच्यात आजही चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, भोंगापूरच्या नळाचं काय झालं. तो तुम्हाला टाळ्यांचं सांगेल आणि आपण टीव्हीवर पाहिलं असं शपथेवर सांगेल. मी तो व्हिडिओ तिथं कुणालाही पाठवलेला नाही. जो भाग सबंध गावानं खरा मानला, तो माझ्या बहिणीनं वाळूत उभं राहून केला. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

पण त्या संध्याकाळी आम्हाला काहीच कळत नव्हतं. नदीवरचं नदीवर, माणूस घरी येऊन काय ठरवील, काय सांगावं? आबा जेवायला बसले. पुरणपोळी रसात बुडवून नीट जेवले, मायनं वाढलं तेवढं घेतलं. मायनं सांजोऱ्यांचा डबा भरला, पण झाकण लावेना. ताईची ट्रंक दारात ठेवली होती. ती उचलायची की आत न्यायची, हे कुणी विचारत नव्हतं. हात धुऊन आबा एवढंच म्हणाले, "सकायनी पहिली गाडी शे." कुणासाठी, ते म्हणाले नाहीत. नाना ओट्यावर जाऊन बसले.

सकाळी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. साक्रीमार्गे पिंपळनेरची गाडी लागली. आबांनी एक हात ट्रंकेच्या कडीला घातला, स्वतःच ती उचलली आणि गाडीत चढवली. सुनेची ट्रंक उचलणारे आबा त्यांच्या गावानं कधी पाहिले नसतील. मायनं खिडकीतून सांजोऱ्यांचा डबा दिला, झाकण लावून. ताईला खिडकीची जागा देऊन आबा शेजारी बसले. नाना खिडकीखाली उभे राहून गाडीच्या पत्र्यावरची धूळ पुसत होते. तेव्हा आबा आतून ताईला म्हणाले, आणि ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "हाई भोंगापूर सुरवातपाईन सांग. रस्ता लांब शे." कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी धडधडत स्टँडबाहेर पडायला लागली, आणि त्या धडधडीवरून आमच्या मालूताईचा आवाज आला, माननीयांचा. नंतर एक खाकरणं. नंतर सबंध गाडीचं हसणं. गाडी वळेपर्यंत नाना कान देऊन उभे राहिले. मग शेजारी डांगरं विकायला बसलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसाकडे वळून म्हणाले, "ऐकं का? मन्ही आंडेर शे ती."